नागवेकरकाकांची रांग

त्या सकाळी उद्यानाच्या प्रयोगशाळेत कोणी चहाला हात लावला नव्हता. टेबलावर दोन ट्रे होते आणि त्यांतली फुंकरीची रोपं करपून काळी पडली होती. उद्यानाच्या प्रमुख डॉ. मैथिली खोत खिडकीशी उभ्या होत्या. स्वयंसेवक नागवेकरकाका दाराशीच थांबले. बाईंचा चेहरा असा असला की आपण तोंड उघडायचं नाही, एवढं शहाणपण त्यांना इथे येऊन आलं होतं.

फुंकरी म्हणजे वीतभर उंचीचं, निळ्या फुलांचं झुडूप. एके काळी कोकणच्या किनाऱ्यालगतच्या सड्यांवर, जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, ती उदंड उगवायची. आता साऱ्या जगात उरली होती ती या टेकडीवरच्या काचघरात.

"एक ट्रे राहिला," मैथिली म्हणाल्या. "तो गेला की फुंकरी संपली."

"यंत्रात चूक नाही, मॅडम." स्पर्शयंत्र बनवणारा अभियंता इरफान फणसोपकर रडकुंडीला आला होता. "काकांच्या हाताचा दाब, वेग, सगळं मोजून घातलंय मी. रोज तीनच्या ठोक्याला ब्रश रोपांवरून फिरतो. एक दिवस चुकला नाही."

"मग काकांची रांग जगली आणि यंत्राची का मेली?"

काकांची रांग म्हणजे काय, ते सांगायला हवं. भालचंद्र नागवेकर यांनी जन्मभर गावात टायपिंगचा क्लास चालवला. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं तेव्हा ती उघडायची. घरात सगळे जपायचे त्यांना, पण इतके जपायचे की पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसत. माणसाला असं जपलं की तो आतून वाळायला लागतो. उद्यानाला स्वयंसेवक हवेत असं कळलं तेव्हा ते भीत भीत वर आले. मैथिलीबाईंनी हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "डाव्या हाताने पाणी घालता येईल ना? मग उद्यापासून या." किती दिवसांनी कोणीतरी त्यांना काम सांगितलं होतं. त्या दिवशी घरी जाताना काका वाटेत बसून रडले, आणि तो उपकार ते कधी विसरले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटांना निरनिराळे स्पर्श होऊ द्या. बाईंनी फुंकरीची एक रांग त्यांना देऊन टाकली. काका मूठ सोडवायचे आणि रोपांवरून हात फिरवायचे. पुढे रोपं सड्यावर लावली तेव्हा बाकी सगळी मेली आणि काकांची तेवढी तगली. उन्हाळ्यात गवताला वणवा लागला नि त्यात तीही गेली, पण बाईंना धागा सापडला होता. त्यांनी स्पर्शयंत्र करवून घेतलं आणि काकांना म्हणाल्या, "आता तुम्हाला दगदग नको." काकांना झाडांच्या पाट्या पुसायचं काम मिळालं. तेव्हापासून त्यांची मूठ पुन्हा घट्ट व्हायला लागली होती. ज्यांनी उभं केलं त्यांच्याकडे गाऱ्हाणं काय करायचं, म्हणून ते गप्प राहिले.

"पुन्हा मुळापासून बघू," मैथिली टेबलाशी येऊन म्हणाल्या. "खारा वारा लागायच्या आत फुंकरीने पानं मिटली तर ती जगते. लाजाळू हात लावताच मिटते, हिला अर्धा तास लागतो. म्हणजे वारा येणार हे तिला आधी कळायला हवं."

"आणि काचघरात वारा नाही, म्हणून आपण स्पर्श दिला," इरफान म्हणाला. "रोज स्पर्श झाला की रोप शिकतं आणि त्याच्या आधीच मिटायला लागतं. स्पर्शस्मृती. यंत्राच्या रोपांना ती आहे, मॅडम. अडीचला मिटायला लागायची आणि चारला उघडायची. सड्यावर गेली तरी तसंच."

"आणि परवा ट्रे सड्यावर होते तेव्हा वारा साडेचारला आला," मैथिली हळूच म्हणाल्या. मग त्या दाराकडे वळल्या. "काका, तुम्ही रांगेपाशी किती वाजता यायचात?"

"वाजता?" काका ओशाळले. "मी कुठला घड्याळ बघतो. पाय साथ देत नाही, उन्हात चढण चढवत नाही. खाली ओट्यावर बसून राहायचो. वारा सुटला की निघायचो."

इरफानने कपाळाला हात लावला.

"जमीन तापते, हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा धावते," मैथिली भराभर बोलू लागल्या. "लवकर तापली तर वारा लवकर, मळभ असलं तर उशिरा. काचघरही तसंच तापतं. तुमची रोपं वेळ शिकलीच नव्हती, काका. एवढं तापलं की हात येतो, हे ती शिकली होती. बंद काचघरात वारा येत नव्हता, तुम्ही येत होतात. आणि शहाण्यासारखं मीच तुम्हाला पाट्या पुसायला बसवलं."

मग त्यांचं लक्ष काकांच्या मुठीकडे गेलं. "हात परत आखडला? बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला काम दिलंत, बाई," काका म्हणाले. "त्यापुढे हाताचं काय घेऊन बसता?"

 मैथिलींनी उरलेला ट्रे उचलला आणि काकांच्या पुढ्यात ठेवला.

सगळी थंडी काका वाऱ्यामागून टेकडी चढले. मूठ सोडवायची, हात फिरवायचा, घरी जायचं. शिमगा झाला आणि तिघं ट्रे घेऊन सड्यावर गेले. रोपं लावून झाली, तेवढ्यात मळभ आलं. तीन वाजून गेले तरी पानं उघडीच. इरफान घिरट्या घालत होता. "मिटत नाहीत, मॅडम. मेली ही."

"बस तू एका जागी," काका म्हणाले, पण त्यांचीही नजर पानांवरून हलत नव्हती. ही रोपं गेली तर उद्यानाचे पांग फेडायचे राहूनच जाणार होते.

मग ऊन पडलं. कातळ तापत गेला, बसवेना इतका तापला. कडेच्या रोपाचं एक पान हललं आणि सावकाश मिटलं. मग दुसरं. बघता बघता सगळी झुडपं अंग चोरून बसली. समुद्र अजून निवांत होता, गवताचं पातंही हलत नव्हतं.

"शिकली," मैथिली पुटपुटल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "काका, तुमचे आभार कसे मानू?"

 काका आपल्या मांडीकडे बघत होते. डावा हात बाजूला दगडावर टेकलेला होता. आणि मांडीवर उजव्या हाताची मूठ, कोणीही न सोडवता, एकेक बोट करून उघडत होती.

"अहो, फुंकरी एकटीच नव्हती शिकत," मैथिली म्हणाल्या.

काकांनी तो उघडा तळवा समोर धरला. थोड्या वेळाने त्याला वारा लागला.