या, बसा मागे

चहा घरीही झाला असता, पण घरी नको. इथे टपरीवर बसूनच सांगते.

गाडीचं नाव मात्र विचारू नका. तेव्हा ती बाजारात यायची होती, आम्हाला फक्त चालवून बघायला दिली होती. आणि गाडीचा यात काही दोषही नाही. हे खरं तर शेवटी सांगायला पाहिजे, पण माझ्या पोटात काही राहत नाही. गाडी एकदम ओके होती. तिच्यातलं सगळं बरोबर चालू होतं.

अंकुर आणि मी मराठीत गाड्यांचे व्हिडिओ करतो, माहीतच आहे तुम्हाला. मी चालवते आणि बडबड करते, तो शूट करतो. आमची एक खूण आहे. प्रत्येक व्हिडिओत मी गाडीचं मागचं दार उघडते, कॅमेऱ्यात बघते आणि म्हणते, "या, बसा मागे." बघणाऱ्यांना म्हणते, म्हणजे प्रेक्षकांना. नागपुरात सदरच्या बाजारात शॉपिंगला गेले तरी पोरं मला पाहून तेच ओरडतात.

तर ही डबल केबिनवाली पिकअप. पुढे दोघं, मागे तिघं, आणि त्याच्या मागे माल टाकायला हौदा. शहरात सगळे हिला मॉलसमोर उभी करून फोटो काढणार. मी म्हटलं, आपण हिला कापसाच्या शेतात नेऊ यार. अंकुरचा कॉलेजचा दोस्त अक्षय, त्याचं गाव मुकुटबनच्या अलीकडे. कापूस, तूर, सोयाबीन, घरची शेती. त्याला अशी गाडी घ्यायचीच होती. त्याच्या शेतात चालवायची, त्याचं मत घ्यायचं, झाला व्हिडिओ.

मे महिना. वरोऱ्याहून वणीला आलो, तिथून मुद्दाम राजूरकडे एक चक्कर मारली. कोळशाच्या ट्रकांनी तिकडचा रस्ता असा फोडलाय की सस्पेन्शन खरं बोलायला लागतं. पिकअप रिकामी असली की मागून उड्या मारते, ही पण मारत होती. मी ते कॅमेऱ्यावर सांगितलं. शंभर किलो वजन जरी मागे टाकलं तरी फरक पडेल, असं काहीतरी बोलले पण.

मग अक्षयचा फोन आला. स्पीकरवरच होता.

"ताई, एक काम होतं. आमचे बापूजी सकाळी वणीले डोळे तपासाले गेलते. बसनं फाट्यावर उतरतीन. तिथून गाव लांब हाय, अन् ऊन त पाहून राह्यल्या तुम्ही. येता येता घेऊन या त्याईले."

बापूजी म्हणजे त्याचे वडील. मी म्हटलं, ओळखायचं कसं? इकडे मे महिन्यात सगळेच तोंडाला दुपट्टा गुंडाळून असतात, फक्त डोळे दिसतात. तो हसला. म्हणाला, पांढरा दुपट्टा, पांढरं धोतर, आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. वास आला की समजा बापूजी. आणि अजून एक सांगितलं. बापूजी एकदा म्हटल्यानं बसणार नाहीत. अनोळखी गाडीत असं पटकन बसणं त्यांना बरं वाटत नाही. दोन-तीनदा आग्रह करा, हाताला धरा, तेव्हा उठतील.

फाट्यावर सिमेंटचा प्रवासी निवारा होता, बाकी काही नाही. रस्ता दोन्हीकडे मोकळा. एक पक्षी पण ओरडत नव्हता, एवढं ऊन. आणि निवाऱ्याच्या पुढे, सावली सोडून, भर उन्हात एक म्हातारे उभे होते. पांढरं धोतर, पांढरा दुपट्टा, तोंड गुंडाळलेलं.

अंकुर म्हणाला, तसंही दार उघडायचंच आहे, तर आपला शॉट इथेच घेऊन टाकू, मागे मोकळा रस्ता मस्त दिसतोय. मी उतरले, मागचं दार उघडलं, कॅमेऱ्यात बघून हसले. "या, बसा मागे."

आणि आग्रह करायला म्हणून वळले तर ते आत बसलेले.

मला बरंच वाटलं. चला, हाताला धरायची वेळ नाही आली. मी दार लावलं. निवाऱ्याच्या मागून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला होता, कुत्रं असेल म्हणून मी बघितलं नाही.

गाडी निघाली आणि माझी बडबड सुरू झाली. आजोबा, सीट कशी आहे, पाय पुरतात का. समोरच्या स्क्रीनवर पाच सीटचं चित्र असतं, कोणी बसलं की ती सीट पेटते, पट्टा नसला तर लाल होऊन टुणटुण वाजते. माझी आणि अंकुरची हिरवी होती. मागच्या तिन्ही सीट राखाडी. म्हणजे रिकाम्या.

मी लगेच कॅमेऱ्याकडे वळले. "मागच्या सीटचा सेन्सर माणूसच ओळखत नाहीये. हा पहिला मायनस पॉइंट."

मग खड्डे आले. अंकुरचं डोकं दोनदा काचेवर आपटलं, शिव्या घातल्या त्यानं. मी आरशात पाहिलं. आजोबा जसेच्या तसे. मान हलली नाही, खांदा हलला नाही. दुपट्ट्याचं टोक पण नाही. मी म्हटलं, पुढच्यापेक्षा मागे धक्के कमी लागतात, हा प्लस पॉइंट. एसीचं पण कौतुक केलं. माझ्या मानेवर मागून असा गार झोत येत होता की अंगावर काटा आला. कांद्याचा वास मात्र नव्हता. वेगळाच होता. जाळी टाकून बंद केलेल्या विहिरीत वाकून पाहिलं की येतो ना, तसा.

मग ते पहिल्यांदा बोलले. हळू. अगदी माझ्या कानाजवळून बोलल्यासारखे.

"घरी कोन कोन हाय?"

मला हसू आलं. स्वतःच्याच घरी कोण आहे, मला विचारून राहिले. वाटलं, उन्हानं डोकं जड झालं असेल, किंवा गंमत करत असतील. मी सांगितलं, तुमच्या मैनाबाई आहेत, सून समीक्षा आहे, आणि बाळ.

"बरं."

थोड्या वेळानं परत. "अन् तुमच्या घरी?"

मी ते पण सांगितलं. नागपूरला आई-बाबा आणि मी. आईचं नाव पद्मजा, बाबांचं अनंत. इतकं कोणी विचारलं पण नव्हतं.

"बरं."

अक्षयच्या घरी पोचलो तर मैनाबाई दारातच तांब्या घेऊन उभ्या. म्हातारे उतरले आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबले. पाय उचलेचनात. मैनाबाई त्यांच्यावरच करवादल्या. "आता तुमाले घरात याचं निमंतरन द्याव लागते काय? या ना आत."

ते आत गेले. आम्ही उतरलोच नाही, अक्षय शेतात वाट पाहत होता.

शेतात तर मजा सुरू होती. अक्षयनं नांगरलेल्या काळ्या मातीत गाडी घातली, चाकं रुतली की हसत होता, बाहेर काढली की अजून हसत होता. दिवाळीच्या आत घेतोच म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कोणी ऑटोवाला होता. म्हणाला, फाट्यावर निवाऱ्यामागं एक म्हातारा पडला हाय, तुमचा नंबर देऊन राह्यला.

अक्षय म्हणाला, आमचे बापूजी तर मघाच घरी पोचले. ऑटोवाल्यानं फोन दुसऱ्या कोणाला दिला. आवाज कोरडा पडलेला होता, शब्द तुटत होते.

"अक्ष्या... गाडी आलती रे... पोरगी बोलली बी... मी उठाले लागलो... त दार लावून घेतलं..."

अक्षयनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण आवाज नाही निघाला. माझा. तुम्ही मला ओळखता.

गाडी मी चालवली. कशी चालवली, आठवत नाही. अक्षय घरी फोन लावत होता, रेंज येत-जात होती. निवाऱ्यामागच्या चिंचोळ्या सावलीत एक म्हातारे आडवे पडले होते. ऑटोवाल्यानं ओला गमछा डोक्यावर ठेवला होता. अक्षय "बापूजी" म्हणत खालीच बसला. तिघांनी उचलून त्यांना मागच्या सीटवर घेतलं आणि सगळ्या गाडीत कांद्याचा वास पसरला.

मी गाडी सुरू केली.

टुण. टुण. टुण. टुण.

स्क्रीनवर मागची सीट लालभडक. पट्टा लावा.

सेन्सर चांगला होता.

अंकुरनं माझ्याकडे नाही बघितलं. त्यानं नुसता हात लांब करून माझा गियरवरचा हात दाबून धरला.

तेवढ्यात अक्षयचा फोन लागला. समीक्षाचा आवाज, एकदम साधा, घरातला. तो म्हणाला, घरी बापूजी आहेत का? ती म्हणाली, हो, पलंगावर बसले आहेत. तोंडाचा दुपट्टा काही सोडत नाहीत, बाळाला मांडीवर द्या म्हणतात.

"देऊ नको..." अक्षयचा आवाज इतका खाली गेला की ऐकायला मला वाकावं लागलं. "लेकरू घे. मायले घे. बाहेर नीघ."

"काहून? काय झालं?"

"काही विचारू नको... त्याच्याशी बोलू नको. नीघ फक्त."

फोन कटला.

आता सांगा काय करायचं. मागे बाप, ऊन लागलेला, ओठ निळे. गाव एकीकडे, वणीचा दवाखाना दुसरीकडे. अक्षयनं बापाच्या छातीवर हात ठेवला, एक क्षण, मग उतरून ऑटोत उडी मारली. म्हणाला, "ताई, माह्या बापाले वाचव."

वाचले बापूजी. सलाइन लागलं, तासाभरानं डोळे उघडले. मी जवळ बसले होते. त्यांनी मला ओळखलं. रागावले नाहीत. हळूहळू सांगितलं, ते बसमधून उतरले तेव्हापासून तो तिथंच उभा होता. ह्यांनी त्याला म्हटलं, बाबा, उन्हात कायले उभा, सावलीत ये.

"त मले म्हने... कोनी बोलावलं त येईन."

अक्षयचा फोन आला. समीक्षा, मैनाबाई, बाळ, तिघं अंगणात, अख्खी गल्ली जमलेली. आत खोलीत कोणी नाही. पलंगावरच्या चादरीला एक घडी पडलेली नाही, पाण्याचा तांब्या भरलेलाच. मैनाबाईनं एवढंच पाहिलं की बाळाला घेऊन ह्या बाहेर पडल्या तसे तेही मागून बाहेर आले, आणि रस्त्यानं चालायला लागले. मैनाबाईनं विचारलं होतं, कुठं निघाले? तर म्हणाले, गाडीकडे.

अंकुर नि मी नागपूरला परत निघालो. जांबच्या पुढे कधीतरी तो म्हणाला, "मागचा एसी बंद कर ना."

"बंदच आहे."

मी स्क्रीनकडे पाहिलं. मागच्या तिन्ही सीट राखाडी. मागून कसलाच आवाज नाही. आरशात मी पाहिलं नाही, त्यानंही पाहिलं नाही. व्हिडिओचं कार्ड त्यानं आजपर्यंत उघडलेलं नाही.

त्याला घरी सोडलं. आमच्या गल्लीत शिरले तेव्हा नुकते दिवे लागत होते. गाडीतून उतरले आणि जवळजवळ पळतच पायऱ्या चढले. आईनं दार उघडलं. मला बघून हसली, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे बघून तिनं ओढणी नीट केली. पाहुणे आले की करते तशी.

"अगं, सोबत कोणी आहे हे फोन करून सांगायचं तरी," आई म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर का उभे? या ना, आत या."

माझ्या कानामागून कोणीतरी हळूच म्हणालं,

"बरं."