रिकाम्या सीटचा पट्टा

"या खाबाझेला, या. गाडी धुऊनच ठेवलीय," फाटक उघडत झोंडी म्हणाला.

भेकानी म्खिझे आत शिरले. म्खिझे कुळातल्या माणसाला मानाने खाबाझेलाच म्हणतात, त्यामुळे त्यांना त्यात काही वाटलं नाही. मागून येणारी मान्गिदी मात्र क्षणभर फाटकातच थांबली.

मान्गिदी पूर्वी पोलिसात होती. आता पीटरमारित्झबर्गमध्ये खासगी तपास करायची. चोरीच्या गाड्या शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती खाबाझेलांची शेजारीण आणि त्यांच्या बायकोची, नोमागुगूची, जिवाची मैत्रीण. नोमागुगू डर्बनच्या इस्पितळात वारली, त्याला आठ महिने झाले होते.

आता मुलगी नोक्वाझी आजारी होती. दर दोन दिवसांनी तिला डायलिसिसला न्यावं लागे, तेही मिनिबस टॅक्सीत कोंबून. परतताना ती दोनदा बेशुद्ध पडली होती. खाबाझेलांनी जन्मभर शाळेची बस चालवली. त्यातून साठलेल्या पैशात एकच गाडी येणार होती. ती रस्त्यात बंद पडली, तर दुसरी येणार नव्हती.

चर्चच्या बायकांकडून या गाडीचा निरोप आला होता. पांढरी, सात जण बसतील अशी, किंमत चकित करणारी. मान्गिदीने फोन करून वेळ ठरवली, "माझ्या शेजाऱ्यांना गाडी बघायचीय," एवढंच सांगून.

तिने काचेतून किलोमीटरच्या आकड्याकडे पाहिलं. तीन लाख नव्वद हजार किलोमीटर.

"अरे देवा! एवढ्यात पृथ्वीला नऊ फेऱ्या झाल्या असत्या."

"घरची गाडी आहे हो," झोंडी घाईने म्हणाला. "बायको पोरांना शाळेत सोडायची. चार पोरं आहेत."

मान्गिदी आत बसली. रेडिओच्या बटणांवर कारखान्यातली पातळ पन्नी अजून चिकटलेली होती. धोक्याचे दिवे लावायच्या बटणावरचा लाल त्रिकोण मात्र बोटांनी पुसून गेला होता.

मधल्या रांगेत ती बराच वेळ रेंगाळली. डावीकडच्या सीटची गादी नव्यासारखी ताठ होती. पण तिचा पट्टा विरलेला, कडी घासून चकचकीत झालेली. आणि त्या रिकाम्या सीटवरून पट्टा नीट बांधून ठेवलेला होता.

शेजारची सीट बसून बसून खचली होती. तिच्या वर, छताच्या कापडाला बारीक छिद्रं होती. जोडीजोडीने. एक सरळ भोक, शेजारी एक वाकडी फाट.

"मांजर असेल," खाबाझेला म्हणाले.

"एका नखाचं सरळ आणि दुसऱ्याचं वाकडं? तुमच्या गल्लीतलं असेल, खाबाझेला."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी.

झोंडीने गाडी चालवून दाखवली. खाबाझेला त्या खचलेल्या सीटवर बसले, मान्गिदी पुढे. अंगणात ज्याचं तोंड मिटत नव्हतं, तो माणूस इंजिन सुरू होताच गप्प झाला. म्सुंदुझी नदीच्या पुलावर, पुढचा रस्ता मोकळा असताना, त्याने वेग अगदी कमी केला. मागचा टॅक्सीवाला ओरडला, "ए म्हाताऱ्या, पूल विकत घेतोस काय?"

इंजिन लोण्यासारखं चालत होतं. खाबाझेलांना समोर झोंडीची मान दिसत होती, कानामागे मोठी चामखीळ. ती त्यांनी कुठेतरी पाहिली होती, पण कुठे ते आठवेना.

परत आल्यावर मान्गिदी झोंडीच्या बायकोशी बोलली. ती दोरीवर कपडे घालत होती.

"पोरांना शाळेत सोडायला बरी होती ना गाडी?"

"शाळेत?" ती हसली. "ती काय समोर शाळा! पोरं चालत जातात. मला तर तो गाडीला हात लावू देत नाही. सारखा बाहेरगावी. कधी डर्बन, कधी न्यूकॅसल."

"मग विकता कशाला?"

"रात्रीचं दिसत नाही त्याला आता."

"शेजारीपाजारी घेत नाहीत? इतकी स्वस्त आहे."

बाई एकदम गंभीर झाली. "नाही घेत," म्हणाली आणि रिकामी बादली उचलून आत गेली.

कोपऱ्यावर मूनसामीचं गॅरेज होतं.

"वेडा आहे हो तो, अंकल," मूनसामी खाबाझेलांना म्हणाला. "पाण्याचा पंप ठणठणीत, तरी बदलून घेतो. मी म्हटलं, अजून वर्षभर चालेल. तर म्हणतो, माझ्या गाडीतल्या माणसाला रस्त्यात अडकवून चालत नाही. आता तुम्हीच सांगा, कुणाला चालतं?"

रस्त्यावर येताच खाबाझेला म्हणाले, "चोरीची आहे. नाहीतर हा चोरटा माल नेत असणार. दोघं नवराबायको वेगवेगळं बोलतात. चल घरी."

"नंबर मी तपासलेत. गाडी त्याचीच आहे. खोटं तो बोलतोय, गाडी नाही बोलत." मान्गिदीने त्यांच्या दंडाला हात लावला. "खाबाझेला, आता मी जे बोलेन त्याने तुम्हाला त्रास होईल. बोलू?"

ते तिच्याबरोबर परत फाटकाकडे वळले.

झोंडी गाडीला टेकून उभा होता.

"नोंडाबा," मान्गिदीने त्याला त्याच्या कुळाच्या मानाच्या नावाने हाक मारली, "मधल्या रांगेतल्या डाव्या सीटवर कधीच कुणी बसलं नाही. तरी पट्टा झिजलाय. म्हणजे जे दिसत नाही, ज्याला वजन नाही, अशा कुणासाठी तुम्ही तो दर वेळी बांधत होतात."

झोंडीने मान खाली घातली.

"शेजारच्या सीटवर मात्र दर वेळी कुणीतरी बसायचं, हातात फांदी धरून. छताला जोडीजोडीने भोकं पाडणारे, एक सरळ आणि एक वाकडा असे काटे आपल्याकडे एकाच झाडाला असतात. मेलेल्याचा आत्मा घरी आणताना ज्याची फांदी हातात धरतात, त्या झाडाला."

खाबाझेला वाकून छताच्या भोकांकडे बघू लागले.

"माणूस जिथे गेला तिथून त्याला न्यायचं. इस्पितळातून, नाहीतर हमरस्त्यावर अपघात झाला तिथून. तिथे कडेला थांबायचं म्हणजे धोक्याचे दिवे लावायलाच हवेत. फांदी धरणारा फक्त मेलेल्याशीच बोलतो, म्हणून रेडिओ बंद, ड्रायव्हर गप्प. आणि नदी आली की त्याला सांगावं लागतं, आता नदी ओलांडतोय, चल आमच्याबरोबर. ते सांगायला वेळ मिळावा म्हणून तुम्ही पुलावर हळू होता. आजही झालात. पाय सवयीने वागतो."

"अशांना न्यायला कुणी तयार नव्हतं," झोंडी पुटपुटला. "मी न्यायचो."

"एकच गोष्ट उरली. फोनवर मी यांचं आडनाव सांगितलं नव्हतं. तुम्ही फाटकातच खाबाझेला म्हणालात. तुम्ही यांना ओळखता. निरोपही तुम्हीच धाडलात."

खाबाझेला म्हणाले, "पाठ फिरव."

झोंडी वळला. कानामागची चामखीळ उन्हात आली. आठ महिन्यांपूर्वी नोमागुगूला आणताना डर्बनपासून म्पोफोमेनीच्या घरापर्यंत खाबाझेलांनी फांदीकडे पाहिलं होतं, आणि फांदीच्या पलीकडे या मानेकडे. गाडीचा रंगदेखील त्यांना आठवत नव्हता.

"तूच होतास."

"हो, बाबा."

"मग शाळेचं खोटं कशाला?"

"खरं सांगितलं असतं तर घेतली असती? या भागात कुणी या गाडीजवळ उभं राहत नाही." झोंडीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "त्या दिवशी फांदी घरात ठेवून तुम्ही माझ्या खिडकीशी आलात. म्हणालात, जन्मभर तिला टॅक्सीत कोंबून फिरवलं, आज पहिल्यांदा ऐसपैस बसली. मी किती जणांना पोचवलं, पण ते वाक्य विसरलो नाही. पोरीचं आजारपण चर्चमध्ये कानावर आलं. म्हटलं, गाडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

खाबाझेलांना हे बोलल्याचं आठवत नव्हतं. पण वाक्य त्यांचंच होतं.

"मान्गिदी, तू सांग. घेऊ?"

"गाडीचं विचाराल तर घ्या. आत बसलेल्याला रस्त्यात अडकवायचं नाही, म्हणून हे इंजिन जपलंय. नोक्वाझीलाही ते अडकवणार नाही. बाकीचं मला विचारू नका. त्यातलं मला कळत नाही."

खाबाझेला मधल्या रांगेत वाकले. ताठ गादीवरून हात फिरवला. पट्ट्याची कडी दाबणार तोच त्यांचं बोट थांबलं.

"आज राहू दे," ते म्हणाले. "उद्या नोक्वाझी बसेल इथे."

परतताना गाडी त्यांनीच चालवली. मान्गिदी शेजारी होती. म्सुंदुझीचा पूल आला आणि त्यांनी वेग कमी केला. मागून हॉर्न वाजले. त्यांनी लक्ष दिलं नाही.

"मागुगू," आरशात न बघता ते म्हणाले, "नदी आली गं."

मान्गिदी खिडकीकडे वळली.

"या खेपेला गाडी आपली आहे."