न हललेल्या पेशी

"माझे बाबा निष्काळजी नव्हते," मिरेया म्हणाली आणि मगच खुर्चीत बसली.

लेओकादिया बेतांकुर पोलिसांतून निवृत्त झाली होती. हवानाच्या सेरो भागातले लोक आता तिच्याकडे खासगीत येत. शेजारचा नेमेसिओ, जन्मभर बस हाकलेला, तिच्यासोबत जाई. कारण गाडी त्याची होती.

मिरेयाने थोडक्यात सांगितलं. तिचे वडील अन्सेल्मो एकतीस वर्षं एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होते. एका रविवारी दुपारी त्यांच्या पाळीत वीज गेली. जनरेटरला डिझेल नव्हतं. शहरात कुठंच नव्हतं. फ्रीझर सहा तास बंद राहिला. कर्करोगावरच्या नव्या औषधाची पावडर नासली, ती वेळेवर हलवली नाही, असा ठपका आला. 'निष्काळजीपणा' लिहून त्यांना काढलं. अकराव्या दिवशी त्यांचं हृदय थांबलं.

"तो शब्द खोडून हवाय. दुसरं काही नको."

"अंत्यविधीला संस्थेतलं कोण आलं होतं?"

"एकटे प्रमुख, डॉक्टर केसादा. भाषण केलं. रडलेसुद्धा."

संस्थेत केसादांनी लेओकादिया आणि नेमेसिओला आपुलकीने कॉफी पाजली. भिंतीवर पाच मोठे फोटो होते.

"आमचं औषध म्हणजे प्रथिनाचा बेतून घडवलेला तुकडा," ते म्हणाले. "पुढचं टोक जिवंत पेशीत वाट काढतं, मागचं टोक आत जाऊन रोगाला पोसणारं प्रथिन पकडतं. हे पाहा, एका तासातले पाच फोटो, जिवंत पेशींचे. हिरवा ठिपका आत शिरतोय."

नेमेसिओने चष्मा पुसला. "मला तर पाचही एकच दिसतात बुवा. नुसतं हिरवं वाढतंय. आमच्या टीव्हीवरची मालिका अशीच, महिनाभर कुणी जागचं हलत नाही."

"आपण आधी काय करायचात?"

"बस चालवायचो."

"तरीच," केसादा हसले.

"नासलेली पावडर बघायला मिळेल?" लेओकादियाने विचारलं.

"तपासली, निकामी निघाली. सोमवारी सकाळी मीच जाळली. नियमच आहे तसा."

सूक्ष्मदर्शकावर इराइदा बसे. पन्नाशीची, हळू बोलणारी.

"पेशींची बशी डॉक्टर स्वतः आणून द्यायचे. मी फक्त फोटो काढायचे. त्या रविवारनंतरच्याच मंगळवारी सान्तियागोच्या प्रयोगशाळेची माणसं पावडरीचा नमुना तपासणीसाठी न्यायला येणार होती, त्याआधीच हे झालं."

"जिवंत पेशी कशी वागते हो, बाई?" लेओकादियाने विचारलं.

"चुळबुळी असते. सरकते, आकसते, फुटून दोन होते. तासाभरात चित्रच..." इराइदा थांबली. तिने खाली पाहिलं आणि मग वर पाहिलंच नाही.

भांडारातला एवेलिओ मात्र बोलका निघाला.

"पावडर? परदेशातून साध्या पार्सलने यायची. ऑगस्टात कस्टमच्या गोदामात पत्र्याखाली तीन आठवडे पडली होती. त्या पत्र्यावर अंडं तळून निघालं असतं, आजोबा!"

"मग ती फेकली का रे?" नेमेसिओने विचारलं.

"फेकताय कशाला? कोरडी पावडर ती. वापरली की!"

दुसऱ्या दिवशी लेओकादियाने मिरेयाला संस्थेच्या खाणावळीत बोलावलं, भर जेवणाच्या वेळी. केसादांसकट सगळे भात आणि काळा घेवडा खात होते.

"डॉक्टर," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तीन आठवड्यांचा उन्हाळा सोसणारी पावडर सहा तासांत नासत नाही. ती मुळातच जिवंत पेशीत काम करत नव्हती. सान्तियागोची माणसं ते शोधून काढणार होती. वीज गेली आणि तुम्हाला निमित्त मिळालं. सोमवारी तुम्ही पुरावा जाळलात."

"आणि फोटो?" केसादांनी चमचा खाली ठेवला नाही.

"नेमेसिओ बोलला तेच. तासाभरात एकही पेशी तसूभर हलली नाही. त्या फॉर्मलिनने मारलेल्या होत्या. मेलेल्या पेशीला कसली आलीय राखण? वाटेल ते आत पसरतं. म्हणून चित्र तेच राहिलं, नुसतं हिरवं वाढत गेलं. बशी आणायचे ते तुम्ही, आणि एकटे तुम्हीच."

केसादांनी ओठांवरचा रस्सा जिभेने पुसला. "अन्सेल्मोला दोन महिन्यांत निवृत्त व्हायचंच होतं. त्याचं असं काय जाणार होतं?"

नेमेसिओने आपलं ताट दूर सारलं. या माणसाने शवपेटीवर हात ठेवून अश्रू ढाळले होते. आणि आजूबाजूला चाळीस माणसं मान खाली घालून घेवडा चिवडत होती. कुणाच्याच चेहऱ्यावर नवल नव्हतं.

लेओकादियाने कागद पुढे सरकवला. "लिहा. पावडर नासली नव्हती, ठपका खोटा होता. खाली सही. नाहीतर त्या पाच फोटोंबद्दल मी सान्तियागोला कळवेन."

केसादांनी लिहिलं. मिरेयाने दोनदा वाचून घडी घातली.

इराइदा तिच्याकडे आली, डोळे भरलेले. "पोरी, तुझ्या बाबांचा काही दोष नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं गं."

तिने पुढे केलेला हात मिरेयाने घेतला नाही.

"बाबांना ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "दवाखान्यात शेवटपर्यंत मला विचारत होते, कुठून तरी बर्फ आणायला हवा होता का."