चोरट्या नजरेचा अर्थ

पहिल्याच भेटीत त्यानं तिच्या पायावर चक्क स्टूल ठेवलं. शब्दकोशाच्या ऑफिसात नवा आवाजवाला आलाय, एवढंच तिच्या कानावर होतं. ती किंचाळली, तो दचकला… आणि "माफ करा हं" म्हणणारा तो खर्जातला आवाज ऐकून तिचा राग कुठल्या कुठे पळाला.

इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहायचे, हे तिचं काम. ते शब्द रेकॉर्ड करायचे, हे त्याचं. बघता बघता जिन्यात, गच्चीवर भेटी होऊ लागल्या – लपूनछपून. कारण मुख्य संपादक म्हणजे तिचे बाबा! त्यांच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळायची.

एका दुपारी रेकॉर्डिंगच्या खोलीत 'फर्टिव्ह' हा शब्द आला.

"म्हणजे गुप्त?" त्यानं विचारलं.

"छे! गुप्त गोष्ट बिनधास्तही असते. फर्टिव्ह म्हणजे चोरटं. कुणी बघेल या धास्तीनं केलेलं. फर्टिव्ह हालचाल, फर्टिव्ह नजर…"

"वाक्यात उपयोग करून सांगा ना, बाई!"

"बाबांची पाठ वळली की तू माझ्याकडे टाकतोस ना – ती."

तो हसला नाही. "मला नाही आवडत ती नजर. प्रेम आहे माझं तुझ्यावर… त्यात चोरी कसली?"

"माझंही आहे रे! पण बाबांना कळलं तर—"

तिचं लक्ष लाल दिव्याकडे गेलं. माईक चालूच होता! काचेपलीकडे, कानांना हेडफोन लावून, बाबा उभे होते.

दार उघडलं. आता आभाळ कोसळणार म्हणून तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

"अगं," बाबा कसेबसे म्हणाले, "इतकी घाबरतेस मला?"

तिनं डोळे उघडले. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आई गेल्यावर तिच्या वेण्या घालायला शिकलेले तिचे बाबा! आपल्या भीतीनं त्यांना असं लागेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली. मग त्यांच्यादेखतच तिनं त्याचा हात धरला. "मला हा आवडतो."

बाबांनी त्या हातांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "रविवारी घरी या. भरदुपारी… आणि पुढच्या दारानं."