ठणका

दंतसंशोधन प्रयोगशाळेच्या पडद्यावर नऊ वर्षांच्या ओवी खरमाटेचा जबडा उजळला होता. खालच्या दाढेचं मूळ पार पोखरलेलं. तिथून पू गळ्यात उतरला होता आणि गळ्यातून छातीत. ओवी सकाळीच गेली होती.

"हे काही एका दिवसात झालेलं नाही," शवविच्छेदन करून आलेले डॉ. इक्बाल मुजावर म्हणाले. "दाढ कित्येक महिने सडत होती. एरवी असलं मूल गडाबडा लोळतं, घर डोक्यावर घेतं."

"तिला निःशूल लेप लावलेला होता," डॉ. शाल्मली नेरूरकर म्हणाल्या.

निःशूल त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मला होता. लेपातले सूक्ष्म वाहककण दातातून आत झिरपत, जबड्याच्या मज्जातंतूंपर्यंत पोचत आणि वेदनेचा संदेश पाठवणारं जनुक कायमचं बंद करत. पहिलीत एकदा लेप लावला की दात पुन्हा कधी ठणकत नसे. मुलांची सुईची भीती गेली. दंतवैद्याच्या खुर्चीत ती हसत बसू लागली.

"पण त्याने कीड थांबत नाही," मुजावर म्हणाले.

"नाही. म्हणून लेपाच्या नियमांच्या मसुद्यात मी दर सहा महिन्यांनी तपासणी सक्तीची ठेवली होती. मानक मंडळाने ती काढली. इतके दंतवैद्य आणायचे कुठून, म्हणाले. मग ठरलं, तक्रार आली की तपासायचं. मीही मान डोलावली."

"तक्रार कशाची? दुखण्याचीच ना?"

तक्रारी शून्यावर आल्या तेव्हा मंडळाने शाल्मलींचा सत्कार केला होता.

बाहेर बाकावर ओवीची आई बसली होती. शाल्मली शेजारी बसल्या, तशी ती आपणहून बोलू लागली.

"तोंडाला वास यायचा तिच्या. मीच ओरडायचे, नीट दात घास म्हणून. परवा गळा सुजला, मला वाटलं गालगुंड असेल. विचारलं, बाळा, दुखतंय का? तर म्हणाली, नाही गं आई." तिने पदर तोंडाशी धरला. "दुखलं असतं तर मी पहिल्याच दिवशी आणलं असतं ना हो, डॉक्टर?"

"हो," शाल्मली म्हणाल्या.

बंद झालेलं जनुक पुन्हा उघडता येत नव्हतं. प्रत्येक मुलाचं तोंड उघडून बघणं एवढाच उपाय उरला होता. पण दात दुखेनासे झाल्यापासून शहरातले दातांचे दवाखाने ओस पडून एकेक करत बंद झाले होते. शाल्मलींनी निवृत्त दंतवैद्यांना घरोघर जाऊन गोळा केलं. शाळांतून, भोंग्यांवरून, फोनवरून एकच निरोप गेला: लेप लावलेल्या प्रत्येक मुलाला तपासणीला आणा.

शिबिराच्या सकाळी दारात रांग बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. जवळ गेल्या, तर गालावर हात दाबून मुलं उभी होती. कुणाच्या दाढेत लवंग, कुणाचे डोळे रडून सुजलेले.

"याला लेप लावला होता ना?" त्यांनी पहिल्या मुलाच्या वडिलांना विचारलं.

"नाही लावला, बाई. आम्ही तेव्हा ऊसतोडीला होतो."

दुसरी मुलगी लेपाच्या दिवशी तापाने घरी होती. तिसऱ्याच्या आजोबांनी लेपाला साफ नकार दिला होता. मुजावर रांगेच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"लेपाचं एकही मूल नाही यात. ज्यांचं दुखतंय तेवढेच आलेत."

शाल्मलींनी जवळच्या शाळेत फोन लावला. "बाई, लेप लावलेली मुलं कुठे आहेत?"

"इथेच आहेत की," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पालक म्हणतात, पोर खातंपितं, खेळतं, काही दुखत नाही. उगाच कशाला दाखवायचं? सगळी मैदानात आहेत बघा."

फोनमधून त्यांचा कल्ला ऐकू येत होता. शाल्मलींनी उपकरणांची पेटी उचलली आणि मुजावरांना गाडी काढायला सांगितलं. शाळा शेकड्यांनी होत्या आणि कुणाचं तोंड आधी बघायचं, हे त्या मुलांपैकी एकालाही सांगता येणार नव्हतं.