पाणक्याचा हौद

त्या दिवशी वारा पडला होता. आमच्या लेम्नोस बेटावर वारा पडणं म्हणजे काय, ते तुम्हा पोरांना सांगायला नको. वर्षाचे तीनशे दिवस जो कान उपटतो, तो एखाद्या दिवशी गप्प झाला की म्हाताऱ्यांना झोप लागत नाही. चौदा ऑगस्टचा दिवस, साल दोन हजार सतरा. सकाळपासून पान हललं नव्हतं. खाडीचं पाणी तेलासारखं जड झालेलं. किनाऱ्यावरचं सडलेलं शेवाळ, मेंढ्यांचे वाडे, चीज गाळून ओतलेलं पाणी, सगळ्यांचे वास जिथल्या तिथे उभे होते. एरवी वारा ते उचलून नेतो, आणि आपण स्वतःला स्वच्छ समजतो.

बाहेर अंधार पडलाय, तुमचे पेलेही भरलेत, म्हणून तुमचा हा म्हातारा बार्बा सांगतो. मी शिकलेला माणूस नाही, मला रंगवून सांगता येत नाही. पाण्याचा टँकर चालवणाऱ्या अर्गिरिसने मला जसं सांगितलं तसं सांगतो. त्याने एकदाच सांगितलं. त्यानंतर टँकर विकला आणि लेकीकडे सालोनिकाला निघून गेला.

"बार्बा, प्यायलेला होता का तो?"

प्यायलेला असता तर बरं झालं असतं रे. तोही हसला असता तुमच्यासारखा.

अर्गिरिसच्या घराला आजही पाणक्यांचं घर म्हणतात. त्याचा पणजा कोम्निनोस गाढवांवरून पाणी वाहायचा. पहिल्या मोठ्या लढाईच्या साली समोरच्या माळावर परदेशी सैन्याचे दवाखान्याचे तंबू लागले, तेव्हा तिथेही पाणी त्यानेच घातलं. माझी आजी तेव्हा सतरा वर्षांची होती. ती तिथल्या चादरी धुवायची. समुद्रापलीकडे लढाई, आणि तिकडून जहाजं भरभरून जखमी यायचे. ऑस्ट्रेलियाचे उंच उंच गडी, उन्हाने सोललेले. सुरुवातीला त्यांना तंबू नव्हते, खाटा नव्हत्या, धड औषधही नव्हतं. दगडांवर ओळीने निजवायचे. जखमांवर माश्या, जखमांत अळ्या. नर्सबाया स्वतःचे परकर फाडून पट्ट्या करायच्या. आजी म्हणायची, पट्टी सोडली की आतून भातासारखं सांडायचं. मरेपर्यंत तिने भात खाल्ला नाही. माझ्या लग्नातसुद्धा ताट सरकवलं आणि कोरडा पाव खाल्ला.

त्या शिपायांना आपला एकच शब्द येत होता. नेरो. पाणी. दिवसरात्र तेवढंच. नेरो, नेरो.

असो. मी त्या रात्रीचं सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी देवमातेचा सण. आदल्या रात्री चर्चच्या अंगणात चार काहिली चढतात, त्यांत गहू आणि बैलाचं मांस रात्रभर शिजतं आणि सकाळी सगळं गाव जेवतं. तेव्हा काहिलींचं पाणी अर्गिरिसच्या टँकरने यायचं, आणि पोरांना प्यायचे माठही त्यातूनच भरायचे. मी काहिलींखाली लाकडं सारत बसलो होतो. अर्गिरिसची शेजारीण एव्हांथिया गहू निवडत होती. ती पस्तीस वर्षं अथेन्सला नर्स होती. जीभ म्हणजे कात्री.

"अर्गिरिस, दहाच्या आत टाकी इथे पाहिजे."

"येतो गं बाई. डोंगरावरचा झरा काय तुझ्या बापाने खिशात दिलाय मला?"

"टाकी आतून कधी धुतली होतीस?"

"तुझ्या लग्नात."

"माझं लग्न झालेलं नाही."

"म्हणूनच."

सगळ्या बाया हसल्या. त्याची चार वर्षांची नात मारिगो गव्हात हात घालून बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, माठातलं पहिलं पाणी मला." तो म्हणाला, "तुलाच गं राणी." आणि गेला.

झऱ्यावर पोचला तर पुढे हॉटेलांचे पाच टँकर. पाणी म्हणजे करंगळीएवढी धार. साडेदहा वाजले तरी याच्यापुढे अजून तीन गाड्या. तेवढ्यात एव्हांथियाचा फोन.

"मेलास की जिवंत आहेस?"

"भरतोय, भरतोय."

भरत नव्हता. त्याने गाडी वळवली आणि माळाकडे निघाला. तिकडे पणज्याचा हौद आहे. दगडी, जमिनीत उतरलेला, वर लोखंडी झाकण. मेंढ्यांच्या पाण्यासाठी ठेवलेला. झाकण उचललं तर वासाने त्याचं डोकं मागे फेकलं गेलं. तोंडाला रुमाल बांधला, आत बॅटरी मारली. पाण्यावर सायीसारखा थर. मधोमध काहीतरी फुगून तरंगत होतं. कोकरू असावं. लोकर सुटून वेगळी पसरली होती. ते बाजूला करायला याने काठीने ढकललं.

काठी आत गेली.

त्याने ती तिथेच फेकली, हात मातीवर घासला, आणि पंपाची नळी दुसऱ्या कोपऱ्यात सोडली. मोठ्याने स्वतःलाच म्हणाला, "उकळणारच आहे की."

हे त्याने मला सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कारण माझ्या आजीने हेच शब्द ऐकले होते. त्याच हौदापाशी. उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा कोम्निनोस इथलं पाणी दवाखान्यात घालायला लागला. आजीने त्याला भरताना पाहिलं, म्हणाली, काका, यात मेंढ्या तोंड घालतात, यात काय काय पडलंय. तो म्हणाला, उकळणारच आहेत की ते लोक.

कशावर उकळणार? त्या माळावर एक झाड नव्हतं. काडी नव्हती जाळायला. तसंच प्याले. आठ दिवसांत तंबूच्या तंबू पोटाने गेले. गोळी लागूनही वाचलेले गडी आपल्याच घाणीत पडून राहिले. आजी चादरी धुवायची. रात्री कोण गेला, तिला चादरीवरून कळायचं. ती कुणाला बोलली नाही. म्हातारपणी मला बोलली, आणि थुंकली.

तर… टाकी भरली. अर्गिरिस परत निघाला. गाडीतल्या घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. माळाचा कच्चा रस्ता. उजव्या हाताला त्या शिपायांची दफनभूमी, पांढरे दगड ओळीने. अजून वारा नव्हता. पाठीमागच्या टाकीचा वास पुढे काचेच्या आत येत होता.

वळणावर दिव्याच्या उजेडात माणसं दिसली. रस्त्याच्या कडेला, ओळीने निजलेली.

त्याला वाटलं, होडीतून उतरलेले कुणी बिचारे निर्वासित असतील. येतात आपल्या किनाऱ्याला. त्याने गाडी थांबवली. अर्गिरिस वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. दुसरा कुणी असता तर काच वर करून गेला असता.

तो खाली उतरला. "काय झालं? कुठून आलात?"



वास आला. हौदाचा नव्हे, दुसरा. गोड. मांस उन्हात राहिलं की येतो तसा.

मग त्याला ती बाई दिसली. राखाडी झगा, डोक्याला पांढरं फडकं. झगा खालून फाटत फाटत गुडघ्यापर्यंत आलेला. हातात पत्र्याचा मग. ती याच्याकडे न बघता टँकरच्या बाजूच्या तोटीपाशी गेली. तोटी उघडली. मग भरला. दिव्यासमोर तिरपा करून पाहिला.

वास घेतला.

ओतून दिला.

झग्याच्या काठाला हात घातला, पण फाडण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा ती वाकली. पहिल्या माणसाचा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्याच्या थोटकाची पट्टी ती सोडायला लागली. सावकाश. एक वेढा. दुसरा. तो कण्हला नाही. शेवटचा वेढा सुटला आणि… आजी सांगायची ते सांडलं. दगडांवर. हलत होतं.

अर्गिरिसला पळायचं होतं. तो टँकरच्या दाराला धरून बघत राहिला.

तिने ती पट्टी तोटीच्या तोंडाला बांधली. घट्ट, चापून. तोटी पुन्हा उघडली. पाणी पट्टीतून गळायला लागलं. थेंब. थेंब. पट्टीवर काय काय अडकत गेलं. लोकर. चिकट दोरे. काहीतरी वळवळणारं.

"बार्बा," तो मला म्हणाला, "सडलेल्या जखमेवरची पट्टी ती. आणि माझ्या पाण्याने ती घाण झाली."

मग ओळीतून आवाज आला. एकाचा. मग दुसऱ्याचा.

नेरो…

नेरो…

तिच्या हातातला मग भरला. तो तिने त्यांना दिला नाही. याच्यापुढे धरला.

आधी तू.

बोलली नाही ती. पण त्याला कळलं.

त्याने तो मग घेतला. ओठांपर्यंत नेला. खाली आणला. पुन्हा नेला. नाही… एक घोट नाही. सकाळी मारिगो पहिला पेला मागणार होती. तोच पेला. आणि हा देणार होता.

त्याने वर पाहिलं. ते सगळे कोपरांवर उठून त्याच्याकडे बघत होते. एकाला जबडा नव्हता. एकाच्या पोटावर नुसतं फडकं होतं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर चाललं असतं, तो म्हणाला. मी पाया पडलो असतो. राग नव्हता. किळस होती. ताटाजवळ मेलेला उंदीर दिसल्यावर आपण बघतो ना, तसे बघत होते. अंगात अळ्या पडलेली माणसं. याला बघून.

मग एकाने तोंड फिरवलं.

मग दुसऱ्याने.

मग सगळ्या ओळीने.

अर्गिरिसने तो मग खाली ठेवला, धडपडत टाकीच्या मागे गेला आणि खालचं मोठं झाकण उघडलं. सगळं पाणी रस्त्यावर. धो धो. तो तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला, पँट भिजेपर्यंत. शेवटी टाकी रिकामी झाली. सगळं शांत झालं.

त्याने मान वर केली. रस्ता मोकळा होता.

अंगणात पोचला तेव्हा एक वाजून गेला होता. मी काहिलींपाशीच होतो. एव्हांथिया पळी घेऊनच धावली.

"ये, ये नवरदेवा! कुठे मेला होतास?"

"टाकी रिकामी आहे."

"रिकामी? मग तीन तास काय वारा भरत होतास? आज तर तोही नाही!"

तो बोनेटला टेकून उभा होता. भिंतीसारखा पांढरा. हळू आवाजात म्हणाला, "पणज्याच्या हौदातलं भरलं होतं. इथे आणणार होतो. ओतून दिलं."

एव्हांथियाच्या हातातली पळी खाली आली. चटईवर मारिगो झोपली होती. तिने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग बायांकडे वळून ओरडली, "उठा गं! बादल्या काढा!"

चर्चच्या विहिरीवरून अंगणापर्यंत सगळं गाव रांगेत उभं राहिलं. हातोहात बादल्या. चार वाजले काहिली भरायला. तेव्हापासून सणाचं पाणी आपण हाताने ओढतो. तुम्ही मगाशी कुरकुरत होतात ना, टँकर असताना हात कशाला मोडायचे, म्हणून? त्याचं कारण हे.

उजाडायच्या आधी एव्हांथिया मला म्हणाली, "कंदील धर, याची टाकी बघते मी आज." मी धरला. अर्गिरिसही मागे आला. ती बाजूच्या तोटीपाशी वाकली आणि थांबली.

तोटीच्या तोंडाला कापडाची पट्टी बांधलेली होती. अरुंद, जुन्या विणीची, कडेला हाताने टीप घातलेली. गाठ लहान, चपटी, आत खोचलेली. आपण दोरीला मारतो तसली नव्हती.

"हात लावू नकोस," अर्गिरिस म्हणाला.

तिने ऐकलं नाही. पस्तीस वर्षांच्या सवयीने तिची बोटं आपोआप गाठीवर गेली. पट्टी सुटली. तिने ती कंदिलापाशी धरली, उलटी केली, वास घेतला. मग मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली, आया दूध बघतात तशी.

लांब कुठेतरी वारा उठल्याचा आवाज आला. मग ती त्याच्याकडे वळली. तो कात्रीचा आवाज नव्हता तिचा, दवाखान्यातला असावा.

"अर्गिरिस, ही अजून अंगासारखी कोमट आहे. कुणाची जखम उघडी टाकून आलास रे?"