दोन्ही हात वर

हात वर होते, यात वादच नव्हता.

फोटोत काजळपाड्याच्या बायका शाळेच्या ओट्यापुढे बसल्या होत्या आणि प्रत्येकीचा हात आभाळाकडे. खाली लिहिलं होतं : जुलैची ग्रामसभा, डोंगर खदानीला देण्यास एकमुखी संमती.

सकाळीच पाड्यावरच्या हिराबाईचा फोन आला होता. "बाय, खडीचं मशीन सडकेला येऊन उभं हाय. उद्या वर चढवणार. आमचा पाण्याचा झरा गेला म्हणून समज!"

पाड्याने तक्रार केली होती; संमती खोटी ठरली तरच मशीन थांबणार होतं. चौकशी अधिकारी दामिनीच्या हातात आजचा दिवस होता.

शहापूर मागे पडलं तसे जीपमधले हेमंत साहेब बोलू लागले. वरच्या कार्यालयातले विस्तार अधिकारी. जिभेवर साखर, मनात सगळ्या पाड्यांविषयी शिसारी.

"या लोकांना काय विचारायचं, मॅडम? कायदा म्हणतो सभा घ्या. घेतली. फोटो आहे. झालं!"

पाडा आला. साहेब उतरेनात.

"चिखल आहे हो. तुम्हीच जाऊन या." त्यांनी गमबुटातले पाय सुखाने पसरले आणि निळी छत्री मांडीवर आडवी घेतली.

ओट्यावर ग्रामसेवक धनेश घाम पुसत उभा होता.

"सभेची दवंडी दिली होती?"

"दिली."

"कोणी?"

"दिली असेल कोणीतरी."

"फोटो कोणी काढला?"

"वरून आला, मॅडम."

"वरून? पावसासारखा?"

धनेश स्वतःच्या चपला न्याहाळत राहिला. साहेबांपुढे वाकून वाकून त्याला ताठ उभं राहणंच जमेनासं झालं होतं.

दामिनीने हिराबाईपुढे फोटो धरला. "मावशी, हा हात तुमचाच?"

"माझाच. दोनी माझेच."

"दोन्ही का वर केले?"

हिराबाई लाजून हसली. "येक माझा, येक सुनेचा. ती बाळंतीण, घरात व्हती ना."

दामिनी थबकली. मत द्यायला सुनेचा हात कोण घेऊन येतं? फोटोत शेजारी पहिलीतली चिमी होती, तिचाही हात वर. मोठी मतदार आली होती!

"आणि केसांत काय माळलंय?"

"तेरडा गो. गौरीचा."

"जुलैत?"

"गौर यायच्या आधी तेरडा? आमच्या पाड्यावर कोणी तोडत बी नाय!"

दामिनीच्या घरीही तेरड्याचीच गौर येई. तिने फोटो खाली घेतला. "मग त्या दिवशी तुम्हाला विचारलं काय होतं?"

"हेच तर कोणी पुसलं नाय! जो येतो तो इचारतो, हात तुझाच ना?" हिराबाईचा आवाज चढला. "त्या फोटोवाल्या माणसानं इचारलं व्हतं, छत्री कोणाकोणाला पायजे?"

तिने बोट दाखवलं. दारादारांत, कुडाकुडांवर निळ्या छत्र्या सुकत होत्या.

दामिनी सगळ्यांना घेऊन जीपशी गेली. "साहेब, उतरा जरा."

"अहो, चिखल..."

"गमबूट काय पूजेला आणलेत?"

साहेब उतरले. हिराबाईचे डोळे लकाकले. "अगो, हा तर आपला छत्रीवाला दादा! दादा, सुनेची छत्री येकाच पावसात उलटी झाली रे!"

बायका खदखदून हसल्या. साहेबांची साखर जिभेवरच विरली.

दामिनीने आवाज चढवला नाही. "संमती जुलैची, फोटो गौरीचा. म्हणजे ठराव आधी लिहिला आणि तक्रार झाल्यावर पुराव्यासाठी हात शोधले. सणाला बायका आयत्या जमलेल्या. छत्र्या दाखवल्यात, हात वर झाले, फोटो काढलात आणि धनेशकडे पाठवलात. तसलीच निळी छत्री मघापासून तुमच्या मांडीवर होती. गमबूट घातलेल्या माणसाला चिखलाची भीती नसते, साहेब. ओळखणाऱ्या बाईची असते."

"मॅडम, ठराव साहेबांनीच लिहायला लावला," धनेश पुटपुटला.

"आता वाचा फुटली? मशीन चढल्यावर फोडायची होती!"

तिने तिथूनच फोन लावून मशीन थांबवलं. मग बायकांकडे वळली. "खरी सभा दवंडी देऊन होईल. तरी आज तोंडी विचारते. डोंगर खदानीला द्यायचा?"

एकही हात हलला नाही. चिमीने सवयीने उचललेला हात तिच्या आईने खाली ओढला.

हिराबाईने आपले दोन्ही हात पदरात गच्च गुंडाळले. सुनेचासुद्धा.